मुकी कांडी

एका गावात दस्तगीरचाचा नावाचे कल्हईवाले होते. पितळेच्या भांड्याला आतून कथलाचा असा हात देत, की त्यात चेहरा दिसावा. त्यांची एक रीत होती. कथलाची प्रत्येक कांडी आधी कानाशी धरून वाकवायची. शुद्ध कथील वाकताना कुरकुरतं. शिसं मिसळलेलं असलं की गप्प राहतं.

त्या वर्षी चैत्रगौरीची हळदीकुंकवं तोंडावर आली आणि भांड्यांचा ढीग लागला. घाईत चाचांनी नव्या कांड्या न ऐकताच वापरल्या. भांडी घरोघर गेल्यावर उरलेली कांडी त्यांनी सहज वाकवली. आवाज नाही. कागदावर घासली, तर पेन्सिलीसारखी काळी रेघ उठली.

भांडी तर लख्ख दिसत होती. कुणाला कळलंही नसतं. पण त्याच दिवशी येसूवहिनींकडे हळदीकुंकू होतं; चाचा अनवाणीच त्यांच्या घरी धावले. तिथे गौरीपुढे कल्हईच्या पातेल्यात कैरीचं पन्हं तयार होतं, मुली पेले घेऊन बसल्या होत्या.

"या चाचा, आधी पेलाभर पन्हं घ्या."

"वहिनी, कुणालाच देऊ नका. माझ्या कल्हईत शिसं गेलंय. आंबटात ते उतरतं."

"अगंबाई! कान कुठे ठेवून बसला होतात?" शेजारीण फणकारली. "आणि एवढ्याशा शिशानं असं काय होणार?"

हळदीकुंकवाला आलेल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ताई, मेंदूच्या प्रत्येक पेशीत जनुकांची पोथी असते. कोणतं पान कधी वाचायचं, ते ठरलेलं असतं. शिसं पोथी फाडत नाही हो, पण हवी ती पानं मिटवतं, नको ती उघडतं. वाढत्या लेकरांच्या मेंदूत सगळा पाठच चुकतो."

शेजारणीनं आपल्या मुलीच्या हातातला पेला हळूच काढून घेतला.

वहिनींनी पातेलं उचलून बाजूला ठेवलं, गौरीला हात जोडले. "आई, आज गूळपाण्यावर भागव." मग चाचांकडे वळल्या. "तुम्हीही घ्या चाचा. धावत आलात."

चाचांनी घरोघर जाऊन भांडी परत आणली, खरवडली, नव्यानं कल्हई केली. या वेळी एकही कांडी ऐकल्यावाचून भट्टीपाशी गेली नाही.

पुढच्या चैत्रात त्यांच्याकडे दुप्पट भांडी आली. वहिनींची लेक कांडीला कान लावून ओरडली, "चाचा, बोलली!" मगच भाता हलला.

तात्पर्य: चूक चांगल्या हातूनही होते, पण ती वेळेवर, आपल्या तोंडानं सांगणारा माणूस लेकरांची बुद्धी राखतो, आणि गावाचा विश्वासही.