संस्थानाच्या वजनाचा टायर

आंबेखिंडच्या राजेसाहेबांच्या सायकलचा टायर महिन्यात तिसऱ्यांदा फुटला, तोही भर बाजारपेठेत, सकाळी नऊ वाजता. आवाज असा झाला, की किल्ल्यावरच्या गोलंदाजाला वाटलं, आपली बाराची तोफ दुसऱ्याच कुणी उडवली. त्यानं घाईघाईनं आपलीही उडवली. निम्मं गाव हातपाय धुऊन जेवायला बसलं. खोटं वाटत असेल, तर त्या दिवशी दोनदा जेवलेल्यांची नावं मी सांगू शकतो.

राजेसाहेब, म्हणजे श्रीमंत रणधीरराव, रोज राजवाड्यातून कचेरीत सायकलनं जात आणि महिन्यातून दोनदा सायकलनंच घाटापलीकडच्या गावांची फिरती करत. सायकल त्यांना राजवैद्यांनी सांगितली होती. कशासाठी, ते मात्र वैद्यांनी सांगितलं नव्हतं. कारण राजेसाहेबांचं वजन पावणेदोन मण, हे संस्थानात पोरासोरांनाही पाठ होतं. राज्याभिषेकाच्या तुलेत ते तेवढं भरलं, दप्तरात चढलं, आणि पुढं वीस वर्षं पुरणपोळ्या झाल्या तरी दप्तरातून तसूभर हललं नाही. कमरपट्टा आखूड पडतोय असं एकदा शिंपी म्हणाला होता. तो आता शेजारच्या संस्थानात कपडे शिवतो.

टायर घालायचं काम म्हादू मिस्त्रीचं. तो बिचारा दप्तरातल्या वजनाला शोभेल असा बारीक विलायती टायर घाली. शेजारच्या राजांकडे तसलाच होता, म्हणून राजेसाहेबांनाही तोच लागे. तिसरा फुटल्यावर त्यांनी म्हादूला समोर उभं केलं. म्हणाले, तू कुजका माल घालतोस. आठ दिवसांत असा टायर आण, की जो दिसायला बारीक असेल, कचेरीच्या रस्त्यावर सुळकन पळेल आणि घाटातल्या दगडांवर फुटणार नाही. नाही आणलास, तर नवव्या दिवशी बायकापोरांसह हद्दीबाहेर!

म्हादू घरी आला आणि पंपावर डोकं टेकून बसला. त्याची मुलगी गजरा पंक्चर काढत होती. हात न थांबवता ती म्हणाली, "बाबा, टायर चांगलेच होते. ते का फुटतात, तुम्हाला ठाऊक आहे."

"मला ठाऊक आहे, तुला ठाऊक आहे," म्हादू म्हणाला, "आणि त्या शिंप्यालाही ठाऊक होतं."

आठव्या दिवशी गजरा खांद्याला दोन जाड टायर अडकवून राजवाड्यात हजर झाली. मागून म्हादू, फाशी जाणाऱ्यासारखा. गजरानं आधी अंगणात ओली माती पसरून घेतली आणि सारवल्यासारखी गुळगुळीत केली. सायकलला पहिल्यासारखेच बारीक टायर होते. तिनं दिवाणजींना विनंती केली, की एक फेरी मारावी. दिवाण त्र्यंबकपंत म्हणजे शेवग्याची शेंग. वारा सुटला की कचेरीत दाराला धरून उभे राहत. ते गेले. मातीत कुंकवाच्या काडीनं ओढावी तशी रेघ उमटली.

मग राजेसाहेब बसले. चाकामागं असा चर पडला, की कारंज्याचा नळ कुठून न्यावा म्हणून महिनाभर अडलेला माळी आनंदानं नळ घेऊनच आला.

राजेसाहेबांनी दोन्ही खुणा निरखल्या. "टायर तोच, माती तीच. मग असं का?"

दिवाणजी जोड्यांकडे बघू लागले. राजवैद्यांना आकाशात घार दिसली. म्हादूनं डोळे मिटून घेतले.

"पोरी, तू बोल."

"सोपं आहे, सरकार," गजरा म्हणाली. "दिवाणजी बसतात ते एकटे बसतात. सरकार बसतात तेव्हा सगळं संस्थान सोबत बसतं. दोन किल्ले, ऐंशी गावं, झालंच तर घाटातला जकातनाका. बाबांनी टायर घातला एका माणसाचा. चुकलंच त्यांचं."

राजेसाहेबांची मिशी जराशी हलली. पण गडी पक्का होता. "संस्थान तर आम्ही गादीवर आलो तेव्हाही होतं. तेव्हा नव्हते टायर फुटत."

"वीस वर्षांत भरभराट केवढी झालीय, सरकार!"

दिवाणजींना ठसका लागला. तेवढ्यात गजरानं आपले टायर चढवले, हवा भरली, अंगठ्यानं दाबून पाहिली आणि राजेसाहेबांना पुन्हा बसवलं. या खेपेला मातीत चर नाही, नुसती नक्षी उमटली. तिनं दाखवलं, मधला पट्टा गुळगुळीत, तो कचेरीच्या रस्त्यावर पळायला. कडेला दाते, ते घाटात धरून ठेवायला.

"अगं, पण हा दूधवाल्याच्या सायकलचा टायर!"

"चार घागरी दूध घेऊन तो रोज घाट चढतो, सरकार. टायर फुटला म्हणून कुणाचा चहा अडलेला नाही."

आता राजेसाहेबांना आपली अट आठवली. सीटवर बसल्या बसल्या त्यांनी बोट उगारलं. "आम्ही बारीक म्हणालो होतो. नवव्या दिवसाचंही म्हणालो होतो. हा तर मनगटाएवढा आहे!"

"सरकारांनी बसल्या जागेवरून एकदा खाली बघावं."

राजेसाहेबांनी मान खाली घातली. डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं. मधे पोट. पोटापलीकडं काही नाही.

"दिसतच नाही," ते म्हणाले.

"इतका बारीक आहे, सरकार."

मग राजेसाहेबांचं पोट हललं, मागोमाग खांदे हलले, आणि ते असे हसत सुटले, की सायकल हादरली, घंटी आपोआप वाजू लागली, माळ्याच्या हातातला नळ खाली पडला. टायर मात्र फुटला नाही.

डोळे पुसत त्यांनी हुकूम सोडला, की म्हादू इथंच राहील आणि आजपासून सरकारी सायकलचे टायर गजरा निवडेल. वर काय हवं ते माग, म्हणाले.

"सरकारांची नव्यानं तुला व्हावी. गुळाची. आणि गूळ गावात वाटावा."

"म्हणजे शेवटी आकडा दप्तरात चढवणारच तू!"

"टायर निवडायला लागतो, सरकार."

राजेसाहेब पुन्हा हसले आणि हो म्हणाले.

तुलेच्या दिवशी पेठेतला सगळा गूळ पारड्यात पडला, तरी राजेसाहेबांचं पारडं जमिनीवरून उठेना. शेवटी शेजारच्या संस्थानातून गाड्या मागवल्या. शेवटच्या गाडीवर, गुळाच्या ढेपांवर मांडी घालून, गळ्यात मापाची फीत अडकवून शिंपी आला.