नऊशेच्या खाली आणू नये

“व्होल्टेज किती दिलंस?” मुजावर सरांनी वर न बघताच विचारलं.

“आधी होतं तेवढंच. मग थोडं वाढवून पाहिलं. मग परत कमी केलं.”

“आणि?”

“काही फरक नाही.”

“पंखा?”

“नवीन बसवला. पॉवर सप्लाय नवीन. रॅम बदलली. बोर्डावरचे फुगलेले कपॅसिटर बदलून घेतले. सगळं लिहून आणलंय, सर.”

अभय मगदूमनं बॅगेतून वही काढून पुढं ठेवली. सत्तावीस प्रयत्न, तारीखवार. पुण्याच्या कंपनीत त्याच्या हाताखाली चाळीस माणसं होती आणि त्यांच्याकडून तो अशाच नोंदी ठेवून घेत असे. वही ठेवताना आपल्या हाताला जरा ऐट आली, हे त्याचं त्यालाही जाणवलं.

सरांनी वही उघडली नाही.

“चाळीस माणसं ऐकतात,” ते म्हणाले, “आणि हे एक डबडं ऐकत नाही होय?”

डबडं टेबलावर होतं. एके काळी पांढरं असलेलं कॅबिनेट, आता जुन्या दातांसारखं पिवळं. एका बाजूचा पत्रा काढलेला, शेजारी त्याचाच मॉनिटर. अभय आणि त्याचा धाकटा भाऊ शांतिनाथ मिरजेत पॉलिटेक्निकला होते, तेव्हाचा हा कॉम्प्युटर. मुजावर सर तिथल्या लॅबचे प्रमुख. लॅबमध्ये चपला काढून जायचं, देवळात जावं तसं. आता सर निवृत्त झाले होते, घराच्या पुढच्या खोलीत मिक्सर आणि रेडिओ दुरुस्त करत होते. तरी आज उंबऱ्याशी आल्यावर अभयचे बूट आपोआप पायांतून निघाले होते.

“चालू केल्यावर दाखवतो काय?”

“कधी सातशे. कधी भलताच आकडा. बहुतेक वेळा काळा पडदा.”

“आणि तुला किती हवेत?”

अभयनं कॅबिनेटच्या दर्शनी बाजूला बोट दाखवलं. तिथं एक चिठ्ठी चिकटवलेली होती. टेप तपकिरी पडलेली, एक कोपरा सुटलेला. बॉलपेनचं अक्षर मात्र ठळक होतं.

नऊशेच्या खाली आणू नये. – शां.

सरांनी चष्मा कपाळावर सरकवून चिठ्ठी जवळून वाचली. ते मोठ्यानं हसले. मग ते हसू आपोआप थांबलं.

“शांत्या...”

“हो.”

“किती महिने झाले?”

“पाच.”

“मला फार उशिरा कळलं रे, बाबा.”

अभयनं नुसती मान हलवली.

शेजारच्या दुकानात कुणीतरी सतारीला तार चढवत होतं. टुंग... टुंग... अजून लागली नव्हती.

प्रोसेसर मुळात सातशे मेगाहर्ट्‌झचा. कारखान्यातूनच त्याच्या वेगाला कुलूप घातलेलं. पण त्याच्या अंगावर सोनेरी ठिपक्यांच्या चार जोड्या होत्या, खसखशीएवढ्या. प्रत्येक जोडी शिसपेन्सिलीच्या रेघेनं सांधली की कुलूप उघडायचं, आणि मग वेग किती ठेवायचा ते बोर्डावरची बारकी बटणं सरकवून ठरवता यायचं. ही पेन्सिलीची विद्या मुलांना सरांनीच दिली होती. पेन्सिल ब्लेडनं तासायची. श्वास धरायचा. हात टेकवायचा नाही.

शांत्यानं एका दमात चारही रेघा ओढल्या होत्या आणि बटणं नऊशेवर नेली होती. तापू नये म्हणून घरातला एकुलता एक टेबलफॅन कॅबिनेटच्या उघड्या कुशीशी लावून ठेवला होता. आई जिन्यातून ओरडायची, “त्या डब्याला वारा आणि आम्हाला घाम!”

अभय भित्रा. जळलं म्हणजे? आपली पाळी आली की तो हळूच बटणं सरकवून सातशेवर आणायचा आणि निमूट अभ्यास करायचा. संध्याकाळी शांत्या बसायचा, पडद्यावर आकडा उमटायचा आणि माडीवरून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा आवाज यायचा, “दादा! परत सातशे केलंस?”

शांतिनाथ हे नाव ठेवणाऱ्याचं चुकलंच होतं.

दोन वर्षं हे असं चाललं. शेवटी शांत्यानं चिठ्ठी चिकटवली. तिचाही उपयोग झाला नाही. मग अभयला पुण्यात नोकरी लागली, आणि पुढं कधीतरी आईनं शिवलेलं झालरीचं कव्हर घालून कॉम्प्युटर माळ्यावर गेला.

“आता मी आकडा कधीच खाली आणणार नाही, सर,” अभय म्हणाला. “एकदा नऊशेवर उभा राहू दे. एवढंच.”

सर कॅबिनेटमध्ये डोकावले.

“रेघा तपासल्यास?”

“त्यांना हात लावला नाही.”

“सत्तावीस गोष्टी केल्यास आणि रेघा सोडल्यास?”

“त्या शांत्यानं ओढल्यात, सर.”

“मग?”

“तुमचाच नियम होता ना... ज्यानं ओढली त्यानंच पुसायची.”

नियम होता खरा. सत्र संपलं की लॅबमधली यंत्रं होती तशी परत करायची, आणि ज्याची रेघ त्यानंच खोडायची. दुसऱ्यानं तिला बोट लावायचं नाही. शांत्या एका वर्षी तापानं फणफणलेला असतानाही खोडरबर घेऊन लॅबमध्ये आला होता.

“मग बोलव त्याला,” सर म्हणाले.

अभयनं झटकन वर पाहिलं. सरांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, थट्टाही नव्हती.

“सर...”

सरांनी पंखा सोडवला. लिव्हर उचलून प्रोसेसर बाहेर काढला आणि स्वतःच्या धुतलेल्या रुमालावर ठेवला. मग खणातून घड्याळजीचं भिंग काढून अभयच्या हातात दिलं.

“बघ.”

अभयनं भिंग डोळ्याला लावलं. आधी नुसताच हिरवट धुरळा दिसला. मग ठिपके दिसले. चार जोड्या.

“रेघा दिसतात?”

दोन जोड्या कोऱ्या करकरीत होत्या. उरलेल्या दोन्हींमध्ये काहीतरी राखाडी फासल्यासारखं होतं, फळा नीट न पुसल्यासारखं.

“झिजल्या असतील,” तो म्हणाला. “इतकी वर्षं माळ्यावर... उष्णता...”

“चौथी नोंद वाच.”

“तुम्ही तर वही उघडलीही नाही.”

“चौथी नाहीतर पाचवी असेल. वाच.”

अभयनं वही ओढली, पानावरून बोट फिरवलं. “नोंद चार. पंख्याखालची जुनी पेस्ट काढली. प्रोसेसर स्पिरिटनं स्वच्छ...”

पुढचा शब्द त्यानं वाचला नाही.

त्याला तो दिवस आठवला. जुनं धोतर फाडून केलेला मऊ फडका. बाळाचं तोंड पुसावं तसा त्यानं तो चिमुकला चौकोन पुसला होता, कडेकडेनं, एक कण राहू न देता. पुसता पुसता शांत्याशी मनात बोलतही होता. बघ, कसा लख्ख केला.

टुंग... शेजारची तार थांबली.

“म्हणजे मीच...” अभय म्हणाला. “पाच महिने मी जपत होतो, सर... आणि काय जपत होतो?”

सरांनी वही मिटली. खणातून पेन्सिल काढली, ब्लेडनं तासायला घेतली. सालं रुमालाशेजारी पडत राहिली. टोक सुईसारखं झालं तेव्हा त्यांनी त्यावर फुंकर मारली आणि पेन्सिल अभयसमोर धरली.

“पुसलीस तू. आता ओढ.”

“तुम्ही ओढा, सर. माझा हात...”

“माझा हात आता चहाचा कपसुद्धा सांडतो.”

“पण ती त्याची रेघ नसेल.”

“नसेल.”

अभयनं पेन्सिल घेतली. भिंग डोळ्याला लावलं. श्वास धरला. पहिली रेघ कापत गेली, दुसरी बरी आली. तिसऱ्या वेळी टोक तुटलं. सरांनी पुन्हा तासून दिलं. चौथी रेघ पुरी झाल्यावर त्यानं श्वास सोडला.

“वाकडी आलीय.”

“त्याची तरी कुठं सरळ होती?”

अभयला हसू आलं. पाच महिन्यांत पहिल्यांदाच.

दोघांनी मिळून प्रोसेसर बसवला. पंखा घट्ट केला. अभयनं नखानं बोर्डावरची बटणं सरकवली. बावीस-तेवीस वर्षांनी, पण क्रम बोटांना पाठ होता. तेव्हा तो सातशेकडं सरकवायचा, आज नऊशेकडं.

त्यानं बटण दाबलं.

पंखा घोंघावला. जुना जाड मॉनिटर टक् असा वाजला. काळ्या पडद्यावर एक रेघ लुकलुकली आणि पांढरी अक्षरं उमटली.

नऊशे.

तापलेल्या धुळीचा वास हळूहळू खोलीभर झाला. माडीवरच्या खोलीचा वास. अभय आकड्याकडं बघत राहिला. मग त्याची नजर दाराकडं गेली आणि तो कान देऊन बसला.

पंख्याचा आवाज तेवढा येत होता.

बऱ्याच वेळानं त्यानं डोळे पुसले. “तो असता तर आज माडीवरून ओरडलाच नसता, सर. त्याच्या मनासारखं झालं.”

“हं.”

“आता हा असाच ठेवतो. नऊशेवर. कायमचा.”

सर उठले. चिठ्ठीचा सुटलेला कोपरा त्यांनी अंगठ्यानं दाबून धरला, टेपचा नवा तुकडा दातानं तोडून वर लावला आणि त्यावरून दोनदा बोट फिरवलं.

“चिठ्ठी अशीच राहू दे,” ते म्हणाले. “आणि घरी गेलास की गुपचूप सातशेवर आण.”