व्हिलासोर्दाचा बिनशिक्क्याचा पाव

ह्या भट्टीतनं निघणारा पाव बघा, पाव्हणं. गोल, जड आणि वरनं बोडका. खालच्या खोऱ्यातल्या गावांत अजून पावावर घराघराचा शिक्का असतो. आमच्या व्हिलासोर्दात न्हाई. इथं शनिवारी समद्या घरांचा पाव एकदम भाजायचा, आणि ज्याच्या हाताला जो लागंल तो त्यानं न्यायचा. निवडायचा न्हाई. का, ते विचारलंसा म्हणून सांगतो. मधी बोलू नका, माझं डोकं फिरतं.

आधी असं नव्हतं. पीठ आपापल्या घरी मळायचं, भाजायचं मात्र इथं, कारण गावाला भट्टी एकच. मंग पाव ओळखायचा कसा? म्हणून दर घराला लाकडाचा शिक्का. कुणाचा बैल, कुणाची किल्ली, कुणाचं कणीस. रेमेदिओसच्या घरची शेळी.

तिचा नवरा फेर्मिन, दगडफोड्या. राजा गेला आणि मतांचं राज्य आलं तवा त्यानं मजुरांच्या संघटनेत नाव घातलं. मंग सैन्यातले जनरल उठले. तीन वर्षं स्पेनची माणसं एकमेकांना मारत बसली, फेर्मिन मतांच्या बाजूनं लढला, आणि जनरल जिंकले. रेडिओवर सांगितलं, ज्याच्या हाताला रगत लागलेलं न्हाई त्यानं घरी यावं, भ्यायचं कारण न्हाई. फेर्मिननं ते खरं मानलं. आला, बंदूक खाली ठेवली. वरीसभर तुरुंगात कुजवला त्याला. सोडला तो अटीवर. दर रविवारी चौकीत हजेरी, आणि परत काय सापडलं तर गोळी.

त्या दिवसापासनं रेमेदिओसनं डोंगराकडं बघायचंबी सोडलं, असं सांगत्यात. कारण डोंगरात अजून हरलेल्या बाजूची माणसं लपून होती. त्यातला एक एलादिओ, शेजारच्या हिलारियाचा भाऊ. हिलारिया आणि रेमेदिओस कोमाद्रे होत्या, म्हणजे एकीच्या लेकीच्या बाप्तिस्म्याला दुसरीनं लेकरू मांडीवर घेतलेलं. आमच्यात हे नातं सख्ख्या भणीच्या वर.

एका शनिवारी हिलारिया म्हणाली, "कोमाद्रे, माझ्या शिक्क्याला चीर गेलीया. तुझा दे की गं आजच्यापुरता."

"घे की. फकस्त माझ्या शेळीला तुझी बडीशेप चारू नको, फुगंल ती."

हसल्या दोघी. पावात बडीशेप घालणारं घर गावात एकच, हिलारियाचं. बाकीच्या बाया तिला त्यावरनं चिडवायच्या.

पुढल्या सोमवारी सरकारचे शिपाई डोंगरातनं आले. धनगराच्या खोपीत त्यांना अर्धा पाव गावला होता. माणूस पळाला, पाव राहिला. पावावर शेळी. शिपायांनी समदं गाव ह्या भट्टीपुढं उभं केलं. सार्जंटनं पाव ह्या दगडावर आपटला.

"शेळी कुणाची?"

रेमेदिओस पुढं झाली. "शिक्का माझा हाय. पाव माझा न्हाई."

पाव फुटला होता. बडीशेपेचा वास पार मागच्या रांगेपर्यंत गेला म्हणे. उभ्या असलेल्या दर बाईला कळलं. माझी आई उभी होती, तिलाबी कळलं. भावाला पाव पाठवायचा, पण सापडला तर दुसरीच्या घरावर शेकावी, असा हिशेब केला होता हिलारियानं. समदं गाव समजलं.

रेमेदिओसनं नाव घेतलं न्हाई. तिला वाटलं, ही आपल्या तोंडानं सांगंल.

"कोमाद्रे, बोल की," एवढंच म्हणाली.

"मी काय बोलू, बाई? शेळी तर तुझीच हाय."

तवा मातूर रेमेदिओस ओरडली. "बडीशेप हाय त्यात! वास घ्या!"

सार्जंट हसला. गावाकडं वळला. "येतोय का कुणाला वास?"

साठ-सत्तर माणसं. एकाचं तोंड हाललं न्हाई. माझ्या आईला म्हातारपणी मी विचारलं, तू का गप बसलीस? म्हणाली, त्या दिवशी समद्या गावाला सर्दी झाली होती. थू!

फेर्मिनला दगडाच्या खाणीच्या वाटेनं नेलं. परत आला न्हाई. कुठं पुरला ते कुणी सांगितलं न्हाई.

शनिवारी रेमेदिओस सगळ्यांच्या आधी इथं आली. शेळीचा शिक्का जाळात टाकला. दूध उतू गेल्यासारखा वास आला म्हणे. मला ते पटत न्हाई, अक्रोडाचं लाकूड अक्रोडासारखंच जळतं. मंग पाव आत सारायचं लांब दांड्याचं फावडं तिनं भट्टीच्या तोंडात आडवं धरलं. म्हणाली, शिक्का असलेला एकबी पाव आत जाणार न्हाई.

"अगं मंग आपला पाव ओळखायचा कसा?" एकीनं विचारलं.

"नाकानं. सोमवारी ओळखलासा न्हवं?"

 एकेक शिक्का जाळात पडाय लागला. बैल गेला, कणीस गेलं. शेवटी हिलारियाची किल्ली. माझ्या आईनं जवळनं बघितली. तिला चीर कुठंच नव्हती.

पुढं त्या जनरलांच्या म्होरक्यानं पस्तीस-छत्तीस वर्षं राज्य केलं आणि आपल्या अंथरुणात मेला. परत मतं आली. रेमेदिओसला वाटलं, आता नवरा मिळंल, निदान हाडं तरी. पण माद्रिदमधल्या मोठ्या माणसांनी, ह्या बाजूच्या आणि त्या बाजूच्याबी, आपसांत ठरवलं की जुनं उकरायचं न्हाई. आम्ही ज्याला मत दिलं, आमचाच माणूस, गावच्या कचेरीत बसला. तो तिला म्हणाला, "आजी, आता कशाला? सुखानं राहूया की." सार्जंट निदान परका होता. हा आमचा. ती तशीच गेली.

आजही ह्या गावात पावावर शिक्का उठत न्हाई, आणि नाकानं ओळखायला कुणी धजलं न्हाई, म्हणून हाताला लागंल तो न्यायचा. गेल्या साली कचेरीनं भट्टीवर ही निळी पाटी ठोकली. वाचा. "गावाच्या एकोप्याची परंपरा." एकोपा! तुमच्यासारखे लोक येत्यात, फोटो काढत्यात, वा वा करत्यात. मला लिवाय-वाचाय धड येत न्हाई, पण एक नाव येतं. दर शनिवारी पाव निघाला की कोळशानं पाटीवर 'फेर्मिन' लिवतो. दुसऱ्या शनिवारी पाटी पुसलेली असते. कोण पुसतं, ते समद्या गावाला ठाऊक हाय. तुम्ही खाली जाऊन विचारून बघा, कोण काय सांगतं ते.