तळ्याच्या मुक्कामाची डोकेदुखी

एकदा एक म्हातारा वाटाड्या साडेचौदा हजार फुटांवरच्या तळ्याकाठी, तंबूत बसलेल्या सहा कसलेल्या गिरिभ्रमणकारांसमोर, हातातली सूपची वाटी फुंकत म्हणाला, "माझं डोकं दुखतंय."

सगळ्यांनी आपापल्या वाटीत नजर घातली. सगळ्यांत जास्त शरमला तो त्याचा शिष्य.

त्याचे शरमणे समजण्यासारखे होते. गेली सहा वर्षे तो म्हाताऱ्याच्या मागून चालत आला होता. दोघेही मूळचे सह्याद्रीतल्या घाटाखालच्या गावांचे. म्हातारा तरुणपणी एका मोहिमेची ओझी वाहायला म्हणून हिमालयात गेला आणि तिथलाच झाला. शिष्य त्याची कीर्ती ऐकून मागाहून गेला. म्हातारा त्याला केरबा म्हणे, तो म्हाताऱ्याला बाबा. यंदा म्हाताऱ्याच्या गुडघ्यांनी तक्रार केली, तेव्हा त्याने गळ्यातली शिट्टी काढून शिष्याच्या गळ्यात घातली होती. "या खेपेला तू पुढं. मी शेपटाला."

सात दिवसांची ती वाट. पहिले दोन दिवस रानातून चढत गवताळ कुरणापर्यंत, तिसऱ्या दिवशी तळे, तिथे दोन मुक्काम, पाचव्या दिवशी सतरा हजार फुटांवरची खिंड, आणि पलीकडे दोन दिवसांची उतरण. नवख्याला म्हातारा या वाटेवर घेतच नसे. त्या खिंडीची एक रीत होती. जो वाटाड्या पहिल्यांदा स्वतः पुढे राहून तुकडी पार करतो, त्याने आपल्या गावचा एक दगड खिंडीतल्या राशीवर ठेवायचा. ती सगळी रास तिथल्याच राखाडी पाटीच्या दगडांची. तिच्यात म्हाताऱ्याचा सह्याद्रीतला काळा, भोकाभोकांचा दगड लांबूनही ओळखू येई. चाळीस वर्षांपूर्वी ठेवलेला. खिंडीत पोचले की म्हातारा त्याच्यावर एकदा हात ठेवी आणि मगच पाणी पिई.

शिष्याच्याही खिशात तसाच एक दगड होता. मागच्या दिवाळीला गावी गेला तेव्हा ओढ्यातून निवडून आणलेला. आईने तो घासून, पुसून, फडक्यात बांधून दिला होता. चालता चालता त्याचा हात दर अर्ध्या तासाने खिशाकडे जाई.

दुसरी रीत संध्याकाळच्या हजेरीची. मुक्कामावर सूप आले की वाटाड्या एकेकाला विचारतो, कसे वाटते आहे? उंचीवर हवा विरळ होते, डोके ठणकू लागते, अन्न नकोसे होते. ते वेळेवर सांगितले तर औषध सोपे असते: थांबणे किंवा उतरणे. न सांगितले तर मेंदूत आणि छातीत पाणी साचते, मग औषधाला वेळ उरत नाही. हे त्या तंबूतल्या प्रत्येकाला पाठ होते. आणि तरीही या हजेरीला पिढ्यान्‌पिढ्या एकच उत्तर मिळत आले होते: "ठणठणीत!" कसलेला माणूस तर ते नवख्यापेक्षा दुप्पट मोठ्याने म्हणतो. त्याला खिंडीइतकीच स्वतःच्या नावाची काळजी असते. माणसे मरतात ती अज्ञानाने, असे सांगणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. पुष्कळशी माणसे सगळे माहीत असताना, चारचौघांत कमीपणा नको म्हणून मरतात.

शिष्य इतकी वर्षे हजेरीच्या वेळी बाहेर खेचरवाल्याबरोबर खेचरांपाशी असे, त्यामुळे म्हातारा तिथे काय बोलतो हे त्याने कधी ऐकले नव्हते. तर तळ्यावरच्या त्या पहिल्या हजेरीला त्याने शिट्टीवर हात ठेवून सुरुवात केली, "मी ठणठणीत." आणि त्याच्या शेजारचा म्हातारा म्हणाला, माझं डोकं दुखतंय.

तुकडीत एक लोखंडाचा व्यापारी होता. नऊ खिंडी पार केल्याचे तो न विचारणाऱ्यालाही सांगत असे. तो म्हणाला, "बाबा, तुमचंच डोकं दुखायला लागलं तर आमचं काय व्हायचं?"

"तुमचंही दुखेल, शेठ," म्हातारा शांतपणे म्हणाला आणि सूप पिऊ लागला.

व्यापारी शिष्याकडे वळून हळूच म्हणाला, "म्हातारबाबांना खाली पाठवून द्या राव. वय झालंय." बाकीच्यांनी आपापले "ठणठणीत" उरकले.

जेवणानंतर शिष्याने म्हाताऱ्याला भांडी घासण्याच्या निमित्ताने बाजूला घेतले. "बाबा, लोकांसमोर असं बोलू नका. त्यांचा भरवसा उडतो."

"उडतो होय?"

"उडणारच. वाटाड्याच कण्हायला लागला तर मागच्यांनी काय करायचं?"

"कण्हलो नाही रे. सांगितलं." म्हाताऱ्याने ताट उजेडाकडे धरून पाहिले. "तुझं कसंय, केरबा?"

"एकदम ठणठणीत."

"बरं," म्हातारा म्हणाला. मग आपले अंथरूण गुंडाळून त्याने शिष्याच्या तंबूत नेऊन टाकले. "माझ्या तंबूला वारा लागतो. गुडघे धरतात." शिष्याने मनातल्या मनात कपाळाला हात लावला. गुरू म्हातारा झाला, हे त्याला त्या दिवशी पटले, आणि वाईटही वाटले. कारण त्याचा म्हाताऱ्यावर फार जीव होता.

दुसऱ्या दिवशी विश्रांती होती. संध्याकाळी पुन्हा हजेरी. शिष्य म्हणाला, ठणठणीत. म्हातारा म्हणाला, "माझं डोकं दुखतंय. कालच्यापेक्षा थोडं कमी. दोन पोळ्या खाईन."

व्यापाऱ्याने डोळे फिरवले. पण तुकडीतल्या निवृत्त मुख्याध्यापिका बाई, ज्यांचा आवाज अजून शाळेच्या मैदानापलीकडे जाईल असा होता, आज अगदी बारीक आवाजात म्हणाल्या, "अहो, माझंही दुखतंय. काल दुपारपासून. म्हटलं, सगळे ठीक आहेत, मीच एकटी कशाला..."

"मळमळ?" म्हाताऱ्याने विचारले.

"नाही. भूक आहे."

"मग पाणी प्या, निजा. सकाळी उतरलं असलं तर वर, नसलं तर खाली. त्यात काय एवढं?"

तेवढ्यात दोघा भावांपैकी धाकटा म्हणाला, "मग माझंही लिहून घ्या." थोरला त्याच्यावर खेकसला, "मला का नाही सांगितलंस?" धाकटा म्हणाला, "तू तरी कुठं सांगितलंस?" तंबूत हशा पिकला. तुकडीत एक जोडपेही होते. त्यांनी डोकेदुखीच्या चार गोळ्या गुपचूप निम्म्या निम्म्या वाटून घेतल्याचे कबूल केले. पाच मिनिटांत त्या तंबूतल्या डोकेदुख्या अशा बाहेर आल्या की जणू पोतडीचे तोंड सुटले. फक्त दोघे जण ठणठणीत उरले. एक व्यापारी, दुसरा शिष्य.

सकाळी खिंड चढायची म्हणून तुकडी अंधार फिटताच तयार झाली. रीतीप्रमाणे पुढच्या वाटाड्याने चहा करायचा. शिष्याने केला, आठ पेल्यांत गाळून दिला. बाईंनी एक घोट घेतला आणि पेल्यात निरखून पाहिले. त्यांचे डोके रात्रीत उतरले होते आणि आवाज परत आला होता. त्या काही बोलणार, तोच म्हाताऱ्याने हात वर केला. स्वतःचा पेला त्याने शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला.

"केरबा, साखर किती टाकलीस?"

"आठ चमचे, बाबा."

"दूध?"

"पावडर कालवून टाकली की."

"पत्ती?"

"नेहमीएवढी."

"भांड्यात बघ."

शिष्याने भांड्यात पाहिले. आत पांढरेशुभ्र गोड दूधपाणी होते. पत्तीची पुडी त्याच्या डाव्या हातात होती, न उघडलेली. गाळणीत पत्तीचा कणही नव्हता, आणि आठ पेले गाळताना ते त्याच्या ध्यानात आले नव्हते.

"कधीपासून दुखतंय?" म्हाताऱ्याने विचारले.

"काल दुपा..."

"केरबा."

"कुरणापासून." त्याने मान खाली घातली. "परवापासून जास्त."

"उलटी?"

"दोनदा. खडकाच्या मागं."

म्हातारा उठला. तोल तपासायला शिष्याला त्याने एका रेषेत टाचेला अंगठा लावून दहा पावले चालायला सांगितले. सातव्या पावलाला शिष्य बाजूला झुकला. म्हाताऱ्याने त्याला धरले, आणि धरलेला हात सोडलाच नाही.

"आज तू खाली. आत्ता, या पावली."

शिष्याचा दुसरा हात खिशातल्या दगडावर गेला. अडीच हजार फूट वर, चार-पाच तासांच्या अंतरावर, ती रास होती. त्याच्या डोळ्यांत पाणी आले. "बाबा, तुम्ही बघत होता, तुम्हाला कळलं होतं, मग मला आधी विचारलं का नाही?"

"विचारलं की. परवा, भांडी घासताना. आधी माझं सांगून मग विचारलं." म्हातारा खाली बसला आणि त्यालाही बसवले. "ऐक. माझं डोकं दरवर्षी इथं दुखतं. चाळीस वर्षांत एकदा चुकलेलं नाही. पहिली दहा-बारा वर्षं मी सांगत नसे. शिट्टी माझ्या गळ्यात, म्हणून मी ठणठणीत. मी म्हणायचो, की मागं सगळे म्हणायचे. एका वर्षी एक शाळामास्तर होते. फार गोड माणूस, चालता चालता पाखरांची नावं सांगायचे. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघत सांगितलं, ठणठणीत. सकाळी उठले नाहीत. ते माझ्याशी खोटं बोलले असं लोक म्हणाले. मला ठाऊक आहे, ते माझंच वाक्य बोलले होते. तेव्हापासून मी आधी बोलतो. जो पुढं चालतो त्यानं आपलं दुखणं गिळलं, की मागच्या सगळ्यांना ते गिळावं लागतं. तूही माझ्याकडूनच शिकलास. माझ्या गळ्यातली शिट्टी बघितलीस, माझं डोकं नाही बघितलंस. चूक माझीही आहे. काल पोरांच्या हशात मी तुला सोडायला नको होतं. तुझ्या तंबूत निजलो, श्वास ऐकत राहिलो, म्हटलं, स्वतः सांगेल. ही वाट बघणं मला नडलं असतं."

शिष्याने फडक्यातला दगड काढून पुढे केला. "हा तरी वर ठेवा."

म्हाताऱ्याने तो हातात घेतला, उलटापालटा करून पाहिला, ओढ्याने घासलेल्या कडेवरून अंगठा फिरवला. मग पुन्हा त्याच फडक्यात बांधून शिष्याच्या खिशात घातला आणि खिशाचे बटण लावले. "छान आहे. पण तो तुझ्या पायांनीच वर जायचा. खिंड काय गाडी आहे, सुटायला?"

एवढ्यात मागून कोणी तरी खाकरले. लोखंडाचा व्यापारी होता. एका पायात बूट, दुसऱ्या बुटाची नाडी हातात.

"बाबा," तो म्हणाला, "ही गाठ मी मघापासून चार वेळा बांधली. बसतच नाहीये."

"मग शेठ, तुम्हीही खाली," म्हातारा म्हणाला. "जोडीला जोडी झाली."

खेचरवाला दोघांना घेऊन निघाला. म्हाताऱ्याने शिट्टी परत आपल्या गळ्यात घातली, गुडघ्यांवर पट्टे आवळले आणि पाच जणांना घेऊन तो वरच्या वाटेला लागला. वळणावर थांबून मात्र तो खाली पाहत राहिला. दोन ठिपके आणि एक खेचर खडकाआड जाईपर्यंत हलला नाही. बाईही थांबल्या, आणि त्यांनी कोणालाही घाई करू दिली नाही.

दुपारपर्यंत कुरणात पोचताच शिष्याचे डोके मोकळे होऊ लागले. त्याने चहा केला. या वेळी पत्ती इतकी पडली की चहा काळाकुट्ट झाला. व्यापाऱ्याने तो मुकाट्याने प्यायला. रिकामा पेला गवतावर उपडा ठेवून तो म्हणाला, "एक सांगू का? नऊ नाहीत. सातच. दोन ठिकाणांहून असाच परतलो होतो. ते धरूनच नऊ सांगतो."

शिष्य हसला. तीन दिवसांत पहिल्यांदा.

पुढच्या वर्षी म्हातारा गुडघ्यांमुळे गावातच राहिला. शिष्य नवी तुकडी घेऊन तळ्यावर आला. सगळी माणसे कसलेली, अनुभवाने ताठ. सूप वाढले गेले. शिष्याने गळ्यातली शिट्टी बाजूला सारली. त्याचे डोके त्या संध्याकाळी खरोखर ठणकत होते, आणि ते उघड म्हणता येते या जाणिवेने त्याला विलक्षण हलके वाटले.

"माझं डोकं दुखतंय," तो म्हणाला. "तुमचं?"

तुकडीतल्या एका धिप्पाड माणसाने भुवया उंचावल्या. "वाटाड्याचंच दुखतंय? मग आम्ही कोणाच्या भरवशावर चालायचं?"

"माझ्याच. दुखलं की सांगेन, एवढा भरवसा धरा."

त्या माणसाने वाटी खाली ठेवली. मग कानशिलावर बोट टेकून म्हणाला, "इथं. सकाळपासून."

विश्रांतीच्या एका दिवसाऐवजी दोन दिवस तळ्यावर थांबून तुकडी खिंडीत पोचली, सगळीच्या सगळी. वारा भन्नाट होता. शिष्याने खिशाचे बटण काढले, फडके सोडले आणि राखाडी राशीत म्हाताऱ्याच्या काळ्या दगडाला लागून आपला काळा दगड ठेवला. आधी त्याने म्हाताऱ्याच्या दगडावर हात ठेवला, मगच पाणी प्यायला.

घरात, कचेरीत, मंत्रालयात, जिथे जिथे रोज संध्याकाळी सगळेच ठणठणीत असतात, तिथे सूप वाढून झाल्यावर पहिल्यांदा कोणी बोलायचे असते, ते ज्याच्या गळ्यात शिट्टी आहे त्याने ओळखावे.