ठमीचा बेदाणा आणि तात्यांची शिंक

बसा. चुळबुळ नको. पादायचं असेल त्यानं आत्ताच पादून घ्या. हां. आता ऐका.

मुंगी होती एक. ठमी नावाची. तिळाएवढी. तिला सापडला बेदाणा. निघाली ओट्यावरून ढकलत. गडगड, गडगड. बेदाणा घरंगळला आणि पडला मैद्याच्या परातीत. बुडुक.

परात होती भिकूतात्यांची. तात्या आज घरी चहाचे स्कोन करणार होते. स्कोन म्हणजे जाडं बिस्किट. तात्यांच्या पोटासारखं फुगतं.

ठमी म्हणाली,
"मैदेबुवा, मैदेबुवा,
माझा बेदाणा द्या की जरा."

मैदा म्हणाला, "मी असा देत नाय. मी भिजेन, भाजेन, फुगेन, मग देईन. आधी चहा पडू दे."

ठमी गेली चहाकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"चहाभाऊ, चहाभाऊ,
मैदा भिजेना,
माझा बेदाणा मिळेना.
पड की जरा."

चहा म्हणाला, "मी असा पडत नाय. चोथ्यासकट पडू काय? आधी गाळणी उतरू दे."

गाळणी होती खिळ्यावर. ठमी गेली भिंतीवर. तुरुतुरु, तुरुतुरु.

"गाळणीबाई, गाळणीबाई,
चहा पडेना,
मैदा भिजेना,
माझा बेदाणा मिळेना.
उतर की जरा."

गाळणी म्हणाली, "मी अशी उतरत नाय. खाली येऊन वारा गाळू काय? पातेलं कोण धरणार? आधी सांडशी हलू दे."

ठमी गेली सांडशीकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"सांडशीताई, सांडशीताई,
गाळणी उतरेना,
चहा पडेना,
मैदा भिजेना,
माझा बेदाणा मिळेना.
हल की जरा."

सांडशी म्हणाली, "मी अशी हलत नाय. दोन तंगड्या हायेत, पण चालता कुठं येतंय? आधी तात्या उठू दे."

तात्या बसले होते खुर्चीत. पोट पुढं, पाय लांब. ठमी चढली गुडघ्यावर. तुरुतुरु, तुरुतुरु.

"तात्या, तात्या,
सांडशी हलेना,
गाळणी उतरेना,
चहा पडेना,
मैदा भिजेना,
माझा बेदाणा मिळेना.
उठा की जरा."

तात्या म्हणाले, "मी असा उठत नाय. उठायला गेलो आणि शिंक आली. एकच. एका शिंकेवर उठलं की काम बिघडतं. आधी दुसरी येऊ दे."

"ती कधी येणार?"

"मला काय विचारतेस? शिंकेला विचार."

"शिंक राहते कुठं?"

"नाकात, अजून कुठं."

ठमी गेली नाकात. तुरुतुरु, तुरुतुरु. आत अंधार. केसांचं रान. शेंबडाची डबकी. ठमीनं एक केस धरला आणि घेतला झोका. झुईं, झुईं.

आ...
आ...
आआआ...
फटाक् छीं!

ठमी उडाली. ओट्यावर पडली. टप.

तात्या उठले.
सांडशी हलली.
गाळणी उतरली.
चहा पडला, सुर्रर्र.
मैदा भिजला, भाजला, फुगला. टम्म.

तात्यांनी पहिला स्कोन फोडला. आत बेदाणा. चहा पिऊन गलेलठ्ठ.

तात्यांनी आ केला. "हा तर मीच खाणार."

ठमी म्हणाली, "खावा. मी चालले शिंकेच्या घरी."

तात्यांनी दोन्ही हातांनी नाक दाबलं. "दको गं बाई. हा तुझा बेदाणा, घेऊद जा."

ठमी निघाली ढकलत. गडगड, गडगड. बेदाणा बिळात, ठमी बेदाण्यावर.

आणि तात्या? एका हातानं स्कोन खातायत. एका हातानं नाक धरलंय.

संपली. पळा आता.