तिरप्या धावणाऱ्याचा पाठलाग

"मंग अजून किती जोरात पळू, गुरुजी? तुम्हीच सांगा."

हर्षल इंगोलेचा आवाज चढला होता. गावंडे गुरुजींपुढे आवाज चढवायची अकोल्याच्या त्या कॉलेजात कोणाची छाती नव्हती, पण हर्षल पडला कप्तान, आणि त्यातून कालच हरलेला.

गुरुजी मैदानाच्या कडेला लिंबाखाली बसून ओल्या हरभऱ्याचे घाटे सोलत होते.

"पळतो तं तू चांगलाच," ते म्हणाले.

"मंग?"

"मंग काय... पळतच राहतो."

ही शाबासकी की टोमणा, हे हर्षलला कळेना. गुरुजींचं हे नेहमीचंच. निम्मं बोलायचे आणि उरलेलं घाट्यांच्या टरफलांबरोबर टाकून द्यायचे.

खेळ होता अमेरिकन फुटबॉलचा. डोक्याला टोप, खांद्यांना ढालीसारखं जाड चिलखत, आणि अंडाकृती चेंडू, जो पायानं कमी आणि हातानंच जास्त खेळायचा. कॉलेजनं हौसेनं संघ काढला, आणि शिकवायला कोण, तर आपापली पाटी राखायच्या आट्यापाट्यांत उभं आयुष्य घालवलेले गावंडे गुरुजी. लोक हसले. गुरुजींनी दोन सामने नीट पाहिले आणि म्हणाले, "टोप घालून आट्यापाट्याच हायेत ह्या." त्यानंतर हसणारे आपोआप कमी झाले.

काल नागपूरकरांनी एकाच युक्तीनं पुन्हा पुन्हा मारलं होतं. त्यांचा एक गडी अकोल्याच्या डाव्या कडेनं निघायचा, खोल आत घुसायचा, आणि मग एकदम तिरपा वळून अख्खं मैदान कापत उजव्या कडेला जायचा. चेंडू त्याच्या डोक्यावरून पुढे पडायचा आणि तो धावता धावता झेलायचा. मागच्या फळीत डावीकडे हर्षल, उजवीकडे सुमेध वानखडे. हर्षल त्या गड्याच्या मागे जीव तोडून धावला. दर वेळी हातभर कमी पडला.

हातभर! संघातला सगळ्यात वेगवान पोरगा तो. रात्रभर ते हातभर अंतर त्याला झोपू देईना.

"रविवारी पुन्हा तेच नागपूरवाले हायेत," तो म्हणाला. "हरलो तं संपलं. माहं शेवटचं वर्ष हाय, गुरुजी."

"माहीत हाय मले."

"सुमेधले बसवा."

गुरुजींचा हात थांबला.

"तो तिकडं बुजगावण्यावानी उभा राह्यते. मी मरमर पळतो अन् हा पाहत राह्यते. त्याच्या जागी माह्या आतेभावाले घ्या. दोन्हीकडचं मी सांभाळून घेतो."

मैदानाच्या दुसऱ्या टोकाला सुमेध एकटाच बुटाची नाडी बांधत होता. ऐकू गेलं असावं, कारण बांधलेली नाडी तो पुन्हा सोडून बांधायला लागला. त्याचंही शेवटचंच वर्ष होतं. त्याच्यासाठी भांडायला मात्र कोणी आलं नव्हतं.

"आट्यापाट्यांत," गुरुजी हळूच म्हणाले, "आपली पाटी सोडून गड्याच्या मागं धावनारा पाह्यला का कधी?"

"तो खेळ येगळा, गुरुजी."

"हो... त्यात टोप नसते."

हर्षलला हसू आलं नाही. गुरुजींनाही त्याचा राग आला नाही. पोराच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं, ते त्यांनी पाहिलं होतं. त्यांनी मूठभर सोले त्याच्या हातावर ठेवले.

"खा आधी. सकाळपासून काही खाल्लं नसशील."

हर्षलनं खाल्ले. खरंच खाल्लं नव्हतं काही.

"बरं," गुरुजी उठत म्हणाले. "बसवतो सुमेधले. पन त्याच्या जागेवर एकडाव तू उभा राहून पाह्य. जागा कशी हाय ते समजंल. भावाले सांगाले बरं पडंल."

एवढ्यावर सुटतंय म्हटल्यावर हर्षल लगेच तयार झाला. तो उजवीकडे गेला. सुमेधला गुरुजींनी डावीकडे, हर्षलच्या जागेवर उभं केलं आणि ते त्याच्या कानाशी काहीतरी पुटपुटले. सुमेधनं मान हलवली. चेंडू फेकायला एक पोरगा, आणि समोरून धावायला संघातला आदेश, तो म्हणजे नुसता ससा.

गुरुजींनी टाळी वाजवली.

आदेश निघाला. डाव्या कडेनं खोल गेला, वळला आणि तिरपा सुटला. सुमेध त्याच्या मागे.

आणि हर्षलला गंमत वाटली. इथून सगळं कसं स्वच्छ दिसत होतं! मागून धावताना फक्त पाठ दिसायची, कुठे वळेल, कधी वळेल, काही पत्ता लागायचा नाही. इथून आदेशची छाती दिसत होती, डोळे दिसत होते. तो सरळ हर्षलच्याच अंगावर चालून येत होता. पळायची गरजच नव्हती. चार पावलं पुढे जायचं आणि चेंडू आपल्या हातात.

"सोड, सुमेध! मी हाय!" तो ओरडला. "सोड बे!"

सुमेधनं सोडलं नाही. मान खाली घालून तो आदेशच्या मागे आलाच.

हर्षल पुढे झाला आणि धाडकन सुमेधचा टोप त्याच्या खांद्यावर आदळला. दोघंही मातीत लोळले. चेंडू अलगद आदेशच्या हातात पडला आणि आदेश रेषेपार निघूनही गेला.

हर्षल उठला तो भडकूनच.

"आंधळा हाय का बे तू? मी उभा होतो ना तिथं! दिसलो नाही का तुले?"

सुमेध मातीत बसून होता. त्यानं टोप काढला.

"दिसला ना."

"आवाज दिला, तो नाही आयकू आला?"

"आला."

"मंग काऊन नाही सोडला?"

सुमेधनं गुरुजींकडे पाहिलं. मग खाली बघत म्हणाला, "गुरुजींनी सांगतलं होतं... हर्षलवानी पळ म्हणून."

...

आदेश लांबून चेंडू घेऊन परत येत होता. तो मध्येच थांबला.

कालच्या सामन्यात कोणीतरी उजवीकडून ओरडत होतं, हे हर्षलला आत्ता आठवलं. त्याला वाटलं होतं, प्रेक्षकांतलं कोणी असेल. त्याला लाज वाटली. खांद्यापेक्षा ती जास्त दुखली. त्यानं हात पुढे केला आणि सुमेधला उठवलं.

"तू वरडत होता काल?"

"दर वेळी," सुमेध म्हणाला. "पन तू यायचाच, मंग टक्कर नोको म्हणून मी थांबत होतो." त्याच्या बोलण्यात राग नव्हता, हेच जास्त लागलं.

हर्षल गुरुजींसमोर जाऊन उभा राहिला. मान वर करवत नव्हती.

"भावाले काय सांगू मंग?" गुरुजींनी विचारलं.

"काही नोका सांगू, जी. सुमेधच राहू द्या."

हर्षल मात्र तिथून हलेना. मनात एक काटा राहिलाच होता, आणि खोटं बोलण्याचा त्याचा स्वभाव नव्हता.

"पन गुरुजी... भेव वाटते."

"कायचं?"

"माह्या हातानं मी गडी सोडून द्यायचा. अन् सुमेधले नाही धरता आला, तं?"

गुरुजींनी त्याच्या खांद्यावरची माती झटकली. दुखऱ्याच खांद्यावरची, पण अगदी हलक्या हातानं.

"तं दोघं मिळून हरा, बाबू... आतापर्यंत तू एकटाच हरून राह्यला."