जमिनीवर नाही, पाण्यातही नाही!

"ती माती जमिनीवर टाकायची नाही, पाण्यात टाकायची नाही आणि दुसऱ्याच्या राज्यात धाडायची नाही! पंधरा दिवसांत जागा मोकळी हवी. नाहीतर दिवाणजी, सगळी तुमच्या माजघरात भरेन!"

भर दरबारात भानजीराजे कडाडले. आणि मी, तुळसबंदरचा दिवाण, हुशारीबद्दल दोनदा शालजोडी मिळालेला माणूस, एवढंच म्हणालो, "जशी आज्ञा!"

त्याचं असं झालं. आमच्या गोदीला एकदम नऊ गलबतं बांधायचं काम आलं. गोदीत एका वेळी बांधायला जागा तिनांची! शेजारी खाडीकाठी मोठा तुकडा रिकामा पडला होता, पण तिथे रंग बनवणाऱ्या सरकारी रंगशाळेनं चाळीस वर्षं हरताळाचं आणि मोरचुदाचं विषारी पाणी ओतलेलं. गवताची काडी उगवत नव्हती. माती खाडीत लोटावी म्हटलं, तर कोळणी मेलेल्या माशांच्या पाट्या घेऊन दरबारात शिरल्या. रानात टाकावी म्हटलं, तर शेतकरी कोयते परजून उभे. शेजारच्या राजाचं तर पत्रच आलं, 'घाण धाडाल तर आम्ही फौज धाडू!' राजे वैतागले आणि त्यांनी ती अट घातली. जागा झाली नाही, तर नऊही गलबतं पलीकडच्या बंदराला जाणार होती, आणि त्यांच्यामागोमाग पोटासाठी आमचे तीनशे सुतार.

मग मी माझी अक्कल पाजळली. आधी त्या मातीवर पांढरीशुभ्र वाळू पसरली. राजांनी एकच पाऊल टाकलं. मोजडी आत गेली पांढरी, बाहेर आली पिवळी! मग मला सुचलं, जमीन नाही, पाणी नाही, म्हणजे उरली हवा! माती टोपल्यांत भरून माडांना टांगली. सगळे 'वा दिवाणजी!' म्हणाले. तेवढ्यात एका टोपलीची दोरी तुटली. खाली कोण उभं होतं, ते सांगायला नकोच. तीन दिवस मी पिवळाधम्मक होतो. बायको म्हणाली, "हळद तर लागली, आता मुंडावळ्या तेवढ्या बांधा!"

सातव्या दिवशी आवडी आली. धाकू सुताराची ही लेक गलबतांच्या फळ्यांमधल्या फटींत कापूस ठोसून वर राळ भरायचं काम करायची. कोपरापर्यंत हात काळे.

"दिवाणजी, माझे दोन्ही भाऊ पलीकडच्या बंदराला जायला हत्यारं बांधून बसलेत," ती म्हणाली. "ते गेले की घरात म्हातारा बाप आणि मी. मला गोदीच्या कडेला पडलेली वीस मोडकी गलबतं द्या आणि हवी तेवढी राळ द्या."

"मोडक्या गलबतांचं काय लोणचं घालणार आहेस?"

"लोणचंच घालणार! बरणी तेवढी घट्ट हवी."

मी पोट धरून हसलो. मग माजघर आठवलं आणि मुकाट्यानं हुकूम लिहून दिला.

पंधराव्या दिवशी राजे दरबाऱ्यांसह आले. तो तुकडा खाली स्वच्छ तांबडी माती लागेपर्यंत खणून साफ केलेला. आणि गोदीच्या कडेला, खडकाळ पट्टीवर, जाड ओंडक्यांवर चढवलेली वीस जुनी गलबतं ओळीनं उभी. वरून फळ्या ठोकून बंद, फटीफटीत राळ चकाकत होती.

"माती कुठाय?" राजे गरजले.

"या गलबतांत, महाराज," आवडी म्हणाली. "आतून चिकणमातीचा लेप दिलाय. जे गलबत समुद्राचा थेंब आत येऊ देत नाही, ते मातीचा कण बाहेर जाऊ देईल होय?"

"पण गलबतं तर जमिनीवर आहेत! अट मोडली!"

"जमिनीवर कशी? ओंडक्यांवर चढवलेलं गलबत जमिनीवरही नसतं आणि पाण्यातही नसतं, हे सगळ्या दरबाराला मान्य आहे. दिवाणजींनाच विचारा की!"

"मला कशाला मधे ओढतेस बाई?" मी पुटपुटलो.

"महाराज, गेल्या साली जोश्यांनी यांना शनीची पीडा सांगितली. सव्वा महिना पाय जमिनीला लागता कामा नये आणि पाण्यालाही नाही! तेव्हा हे कुठे राहिले होते?"

दरबाऱ्यांना एकदम खोकल्याची उबळ आली. लोड-तक्के मांडून, शेवेचे लाडू चापत, सव्वा महिना मी याच गोदीत, ओंडक्यांवरच्या गलबतात काढला होता! शिडी चढून खुद्द राजे माझ्या समाचाराला आले होते. आता जमिनीवर होतो म्हणावं, तर व्रत मोडलं आणि शनी मानगुटीवर. नव्हतो म्हणावं, तर ही पोरगी जिंकली.

"बोला दिवाणजी, कुठे होतात?" राजांनी विचारलं.

"महाराज... दोन्हीकडे नव्हतो."

राजांच्या मिशा थरथरल्या, पण हट्ट सुटेना. "आणि गलबतं कुजली तर?"

"दर साल डागडुजी करायची, राळ भरायची, ओंडके बदलायचे. पंचवीस माणसांना बारमाही काम!"

"शाब्बास! माग, काय हवं ते माग!"

"नऊ गलबतांच्या कामावर माझे भाऊ असू द्यात. आणि या वीस गलबतांना एक तांडेल द्या."

"तांडेल? अगं, हाकायला ही गलबतं कुठे जाणार आहेत?"

"कुठे जाऊ नयेत, म्हणूनच तर हवा!"

"मग नेमू कोणाला?"

"ज्यानं माल भरला, त्यानंच तो राखावा, ही गलबतावरची रीत आहे. रंगशाळेवर चाळीस वर्षं देखरेख कोणाची होती, महाराज?"

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. देखरेख माझीच होती. 'ओता तिकडे खाडीकाठी, कोण बघतंय!' हे शब्दही माझेच होते. तसं मी कबूल केलं. काय करता?

राजे जे हसायला लागले, ते पागोटं सुटून खांद्यावर आलं तरी थांबेनात! त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढून आवडीला दिलं आणि गोदीतलं सगळं राळकाम तिच्या हाताखाली दिलं. तिच्या भावांनी तिथल्या तिथे हत्यारांची गाठोडी सोडली.

मला तांडेलकी मिळाली. गोदीच्या नव्या कारभारणीनं, आवडीनं, राळेचं भांडं माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "चला तांडेल, सातवं गलबत झिरपतंय!"